स्टेपनी खाली उतरेना, गाडीचा रॉडच नाहीये

जुळेसोलापूरकर:
मंडळी मदत करा. मागच्या महिन्यात सेकंड हँड सेवन सीटर घेतली, स्टेपनी मागं गाडीच्या पोटाखाली तारेनं लटकलीय, डिकीत एक भोक आहे त्यातनं रॉड घालून फिरवला की खाली येते असं पुस्तकात चित्र आहे, पण रॉडच नाही, जॅकचा दांडापण नाही, आधीच्या मालकाला फोन केला तर म्हणतो मला कधी गरजच नाही पडली. घरचा गोटी पाना (नटावर टोपीसारखा बसतो तो) एक्स्टेन्शन लावून घातला तर नुसता गरागरा फिरायलाय, पकडंना काहीच. रविवारी आईला घेऊन तुळजापूरला जायचंय, घाटात पंक्चर झाली तर काय करू? इथला पंक्चरवाला म्हणायलाय तार कापून टाकू, १० मिनिटांचं काम. कापू का?

टामी_पाना:
कापू नका हो. तार कापली की वरचं विंच (तार गुंडाळून स्टेपनी वरखाली करतं ते) कामातनं गेलं, मग नवीन बसवेपर्यंत स्टेपनी सीटवर बसवून फिरा आईच्या शेजारी.
आधी त्या भोकात मोबाईलचा टॉर्च मारा आणि फोटो काढा, तळाशी विंचचं तोंड दिसेल. कुठल्या गाडीत षटकोनी असतं, कुठल्या गाडीत चौकोनी, कुठं नुसती खाच. षटकोनी असलं तर मापाची गोटी आणि लांब एक्स्टेन्शन एवढ्यात भागतं. खाच असली तर गोटी जन्मात पकडणार नाही, तुमचं तेच झालंय वाटतं. इनोव्हा, स्कॉर्पिओलापण स्टेपनी अशीच खाली असते, ओळखीत कुणाकडं असली तर त्याचा रॉड घालून बघा, बसला तर बसला, पण ठोकून बसवू नका.

होटगी_रोड:
आमच्या घरची कडक भाकरी देऊ का, महिनाभर जुनी आहे, कुठल्याबी खाचेत बसंल 😄

जुळेसोलापूरकर:
😂 भाकरी शेंगाचटणीबरोबर पाठवा.
फोटो काढला, आडवी खाच आहे. आणि सगळं चिखलानं भरलंय.

टामी_पाना:
मग सोपंय. एमआयडीसीत नाहीतर जवळच्या कुठल्याबी वेल्डिंगवाल्याकडं जा, गाडी घेऊनच जा, फोटोवर काम होत नाही. भोकातनं सैल जाईल असा लोखंडी सरळ रॉड घ्या, एक टोक तापवून चपटं करून घासून खाचेच्या मापाचं करायचं, दुसऱ्या टोकाला आडवी दांडी वेल्ड करायची, टी पान्यासारखी. रॉड पातळ घेतला तर पिळवटतो. बहुतेक गाड्यांत घड्याळाच्या उलट फिरवलं की खाली येते. हातानंच फिरवा, ड्रिल-इम्पॅक्ट लावू नका, आतले दात तुटतात.

मोहोळचा_पाहुणा:
चिखल म्हणालात म्हणून लिहितो. आमच्याकडं उसाच्या रस्त्यानं फिरून फिरून काळी माती विंचमध्ये गेली, वाळून सिमेंट झालं होतं. आधी पाण्याचा जोराचा पाईप मारला, मग डब्ल्यूडी फॉर्टी (जाम झालेलं सोडवायचा स्प्रे) मारून रात्रभर ठेवलं (नसलं तर डिझेल मारा, आमचे ट्रॅक्टरवाले तेच करतात). सकाळी उलटं फिरवलं तरी टायर हलंना. मग कुणीतरी सांगितलं आधी वर घ्या. सुलटं फिरवून टायर वर गच्च आवळला आणि मग सावकाश उलटं, तर सुटला. काही गाड्यांत तार तुटली तर टायर रस्त्यावर पडू नये म्हणून आत दुसरा लॉक असतो, तो अडकला असला तरी हीच युक्ती, आधी वर मग खाली.
आणि एक, त्याखाली झोपून हातोडा मारत बसू नका. रिमसकट टायर १५-२० किलोचा आरामात असतो, छातीवर आला तर सिव्हिलला जायला लागंल. खाली जॅक किंवा लाकडी ठोकळे लावून मगच काय ते करा. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढून.
तार कापायचीच वेळ आली तर तेव्हाबी टायरखाली जॅक पाहिजेच, आणि डोळ्याला चष्मा.

जुळेसोलापूरकर:
उतरली!! वेल्डिंगवाल्यानं अर्ध्या तासात रॉड करून दिला, पहिल्यांदा पकडला पण टायर हलंना, मोहोळकरांचं ऐकून आधी वर आवळलं, कट्ट करून आवाज आला, घाबरलोच मी, मग उलटं फिरवलं तर हळूहळू खाली. तारेच्या टोकाला पत्र्याची पट्टी आहे ती तिरकी करून रिमच्या मधल्या भोकातनं काढायला लागते, यात मला १५ मिनिटं लागली, शेजारचा पोरगा आला आणि एका मिनिटात काढली.
पण टायरमध्ये हवा शून्य. आणि बाजूला ३६१४ लिहिलंय, हे काय?

टामी_पाना:
२०१४ सालचा ३६ वा आठवडा. तेव्हा बनलाय तो. हवा भरून काही उपयोग नाही, रबर कडक झालेलं असतं, बाजूला बारीक तडे दिसतील बघा. रविवारच्या आधी नवीन टाका, साईज बाकीच्या चारांचीच घ्या, आणि वर चढवायच्या आधी तारेला ग्रीस लावा.

जुळेसोलापूरकर:
तडे आहेत. उद्या जातो टायरवाल्याकडं.

होटगी_रोड:
रॉड गाडीतच ठेवा म्हणजे झालं, घरी विसरला तर परत भाकरी मागू नका