इकोवर डाव्या एट्रियममध्ये (हृदयाच्या वरच्या कप्प्यात) गाठ: मिक्सोमा (हृदयातला ट्यूमर) की रक्ताची गुठळी, पीएममध्ये (शवविच्छेदनात) कसं ठरवायचं?

कळवा_रेसिडेंट: अचानक मृत्यूच्या केसमध्ये नातेवाईक जुना टूडी इको आणतात: '४ सेंमीची हलती गाठ, मिक्सोमा किंवा गुठळी'. ऑपरेशन झालेलं नसतं. या रिपोर्टवर कितपत विसंबायचं, आणि हृदय उघडताना काय सांभाळायचं?

वाशी_इको: निष्कर्ष बाजूला ठेवून वर्णन वाचा. गाठ चिकटली आहे कुठे? मिक्सोमा बहुतेक वेळा दोन एट्रियममधल्या पडद्याला, फॉसा ओव्हॅलिसपाशी (पडद्यातल्या खोलगट जागी), देठाने लटकतो आणि डायस्टोलमध्ये (हृदय सैल पडताना) मायट्रल झडपेतून (डाव्या बाजूच्या वरच्या-खालच्या कप्प्यांमधल्या झडपेतून) खाली डोकावतो. गुठळी सहसा अपेंडेजमध्ये (एट्रियमच्या पिशवीसारख्या कोपऱ्यात) किंवा मागच्या भिंतीवर रुंद बुडाने बसते. सोबत मायट्रल स्टेनोसिस (झडप अरुंद होणं) किंवा एट्रियल फिब्रिलेशन (एट्रियमचे अनियमित ठोके) असतं. छातीवरच्या प्रोबने अपेंडेज नीट दिसत नाही, म्हणून टीईई (अन्ननलिकेतून केलेला इको) झाला होता का ते विचारा. आणि छापील फोटोवर भागवू नका, क्लिप मागा. देठ हलत्या चित्रातच कळतो.

ठाणे_फोरेन्सिक: पल्मनरी धमनी हृदय काढण्याआधी, जागेवरच उघडा. डावं एट्रियम पल्मनरी शिरांच्या तोंडांतून कापत न्या. मायट्रल झडप किती बोटं घेते हे बघायची सवय इथे आवरा: मिक्सोमा जेलीसारखा, बोट लागताच तुकडे पडतात. नळाची धारही नको.

मृत्यूनंतरची गुठळी ओलसर, चकचकीत असते, भिंतीला धरत नाही, चिमट्याने अलगद निघते. ती गाठीभोवतीच साकळलेली असू शकते, म्हणून सगळं एकदम उपसू नका. जे धरून राहील ते ओढायचं नाही. आधी स्केल ठेवून फोटो, मग देठाभोवतीचा साधारण १ सेंमी पडदा धरून कापा.

खरा घात बरणीत होतो. हृदय रासायनिक तपासणीच्या व्हिसेरासोबत (इतर अवयवांच्या नमुन्यांसोबत) मिठाच्या संपृक्त द्रावणात गेलं की हिस्टोपॅथॉलॉजी (सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी) बिघडलीच. १० टक्के फॉर्मलिन, नमुन्याच्या दहापट, कप्पे उघडे ठेवून.

कळवा_रेसिडेंट: गाठ सापडली की मृत्यूचं कारण तेच लिहायचं?

ठाणे_फोरेन्सिक: नाही. झडपेचं तोंड बुजलं होतं का, तुकडा सुटून कोरोनरीत (हृदयाच्या स्वतःच्या धमनीत) किंवा मेंदूच्या धमनीत अडकला का, ते दाखवावं लागतं. कोरोनरी ३ मिमीच्या अंतराने आडव्या कापा. मेंदू, किडनी, प्लीहा यांचेही तुकडे घ्या. व्हिसेरा नेहमीप्रमाणे जाऊ द्या.

वाशी_पॅथॉलॉजी: देठाच्या बुडाचा तुकडा वेगळ्या लेबलने पाठवा. जुनी, मुरलेली गुठळी स्लाइडवर मिक्सोमासारखी भासते. ताऱ्यासारख्या पेशी आणि कॅलरेटिनिन (पेशींतलं एक प्रथिन, खास रंगद्रव्याने तपासतात) पॉझिटिव्ह आलं तर मिक्सोमाकडे कल. इकोचा रिपोर्टही फॉर्मसोबत जोडा.