व्हाइट वर्मचा डबा उन्हाळ्यात बसला, आता काय?

शहापूरचा फायटर:
डिसेंबरात मित्राकडनं माशांच्या खाऊसाठी व्हाइट वर्म, म्हणजे पांढरे बारीक किडे, आणले. आइस्क्रीमच्या डब्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), वर दुधात भिजवलेला पाव. फेब्रुवारीपर्यंत झाकणाला पांढरे झुपके लटकायचे. डबा हातात दिसला की फायटर माशाची मादी टाकीच्या काचेला धडका द्यायची. काल उघडला तर आंबूस वास, सगळे किडे पातळ होऊन लोळागोळा. आईनं डबा थेट परसात नेऊन ठेवला. घर पत्र्याचं आहे. नर फेसाचं घरटं बांधायला लागलाय, आता पिलांना काय घालू?

खानापूरकर:
अरे, पत्र्याखाली व्हाइट वर्म? तो थंडीचा जीव. वीस अंशांखाली खूश, पंचविशीच्या वर कठीण. बेळगावची हवा थंड म्हणून आपण कॉलर ताठ करतो, पण एप्रिल कुणाचा नसतो बाबा.
ग्रिंडल वर्म आण. त्याच गोतातला, लांबीला जेमतेम सेंटिमीटर, आपल्या उन्हाळ्यात टिकतो. कोकोपीट उकळून घे, मुठीत दाबल्यावर एखादा थेंबच पडावा. दूध-पाव बंद कर, वास त्याचाच. मी माशांच्या खाण्याची पूड चिमूटभर टाकतो, वर प्लास्टिकचा तुकडा. सकाळी तुकडा उचलला की खाली शेवयांचा गुंता! वाटीत खळबळून थेट टाकीत. आधीचं संपल्याशिवाय पुढची चिमूट नाही. मुंग्यांसाठी डबा पाण्याच्या परातीत. बायकोची परात दोन वर्षं तिकडंच आहे.

टिळकवाडी:
एवढा खटाटोप कशाला? गटाराकडेचे ट्युबिफेक्स, ते चिखलातले लाल किडे, आणा की.

खानापूरकर:
आणले होते. आठवड्यात सहा गप्पी गेल्या. त्या घाणीत काय काय असतं, धुऊन धुऊन किती धुणार?

शहापूरचा फायटर:
काका, ग्रिंडल पिलांच्या तोंडात मावेल?

खानापूरकर:
नाही मावत, तेच सांगायचं राहिलं. सुरुवातीला मायक्रोवर्म. हा गांडुळाच्या गोतातला नव्हे, सूत्रकृमी, मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा. ज्वारीच्या पिठाची घट्ट आंबील शिजवून गार कर, चिमूटभर यीस्ट आणि चमचाभर जुनं कल्चर, म्हणजे किडे असलेलं आधीचं मिश्रण. चार-पाच दिवसांत किडे डब्याच्या भिंतीवर चढतात, बोटानं पुसून घ्यायचे. अंडी दिसली त्याच दिवशी लाव, पिलं पोहायला लागेपर्यंत तयार होईल. दोन डबे ठेव, तीनेक आठवड्यांत एक आंबतोच.

शहापूरचा फायटर:
आंबील आईच करून देईल. कुणासाठी ते सांगत नाही.