लिनक्सवर पॉवरची बटणं: घरच्यांना किती द्यावीत?

कोकणकर्नल: बाबा निवृत्त शिक्षक, चिपळूणला असतात. त्यांच्या लॅपटॉपवर उबुंटू लिनक्स आहे. पावसाळ्यात लाइट कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून पायथनमध्ये छोटं पॅनेल लिहून दिलं. गव्हर्नर (प्रोसेसरचा वेग ठरवणारं सेटिंग), टर्बो (प्रोसेसरचा जादा वेग), झाकण, चार्जिंग… अकरा बटणं झाली. बाबांनी पहिल्याच दिवशी सगळं 'परफॉर्मन्स'वर नेलं. का, तर "चांगलं तेच ना?" आठवडाभर पंखा मिक्सरसारखा घरघरतोय. काय ठेवू, काय उडवू?

अर्धाचहा: गव्हर्नर आधी उडव. नावच फसवं आहे. इंटेल-पीस्टेट (इंटेल प्रोसेसरचा वेग सांभाळणारा ड्रायव्हर) ॲक्टिव्ह मोडमध्ये असेल तर 'पॉवरसेव्ह' म्हणजे सगळ्यात कमी वेग नव्हे, काम आलं की तोही वेग वाढवतो. मला कळायला वर्ष लागलं, बाबांना काय कळणार! पॉवर-प्रोफाइल्स-डीमन या मागे चालणाऱ्या सर्व्हिसचे तीन प्रोफाइल (बचत, समतोल, परफॉर्मन्स) पुरेत. आणि त्यातला 'होल्डप्रोफाइल' बघ: प्रोग्रॅम 'परफॉर्मन्स' धरून ठेवतो, बंद झाला की सुटतो. म्हणजे ते बटण कायमचं राहतच नाही.

रातकिडा: तीनच म्हणतोस, पण झाकण त्यात कुठे बसतं? माझ्या आईची सगळी भांडणं झाकणाशी. डाउनलोड लावायचं, झाकण मिटायचं, मग ओरडायचं. प्रोग्रॅमने 'स्लीप' अडवलं तरी लॉगइनडी (लॉगइन, झाकण, स्लीप सांभाळणारी सिस्टिमची सर्व्हिस) झाकणाच्या वेळी ते जुमानत नाही, मूळ सेटिंगच तसं. 'हँडल-लिड-स्विच' (झाकण मिटल्यावर काय करायचं ते) वेगळं अडवावं लागतं. आणि ते कोणी अडवलंय हे पॅनेलवर दिसू दे, नाहीतर पिशवीत लॅपटॉप तापतो.

अर्धाचहा: मान्य. चार्जिंगचंही तसंच. चार्जर कायम लावलेला असेल तर 80 टक्क्यांवर थांबवणं बॅटरीला बरं, पण लाइट जाणाऱ्या गावात ते वीस टक्के कामाचे. '80' हे नेहमीचं ठेव, 'आज पूर्ण भर' एकदाच चालणारं. चार्जिंगच्या मर्यादेच्या फाइलीत लिहायला रूट (ॲडमिनचे अधिकार) लागतं. सगळं पॅनेल सुडोने (त्याच अधिकारांनी) चालवू नकोस हं, छोटी सर्व्हिस आणि पोलकिटचा (कोणाला कशाची परवानगी हे ठरवणारी व्यवस्था) नियम कर.

कोकणकर्नल: बाबांना फोनवर विचारलं. प्रोफाइल नकोत म्हणाले, "लाइट जाणारेसं वाटलं की दाबायचं एक बटण दे." तेच केलं: दाबलं की बॅटरी शंभरपर्यंत, बचत चालू, चार तासांनी आपोआप पूर्ववत. नावही त्यांचंच, 'लाइट जाणारे'. पोलकिटच्या नियमात अडकलोय, रात्री फाइल टाकतो.