नॅनोकण थेट गाठीत जातात का?

वरच्या प्रतिसादात ‘नॅनोकण औषध थेट कॅन्सरच्या गाठीतच पोचवतात, बाकी शरीराला धक्का लागत नाही’ असं आलंय. माझा दिवस प्रयोगशाळेत पेशींवर हेच अतिसूक्ष्म कण टाकून बघण्यात जातो, म्हणून लिहितो.

प्लेटमधल्या पेशी सोन्याचे कण सहज आत घेतात. पण कण रक्तात उतरला की लगेच त्याच्यावर रक्तातल्या प्रथिनांचा थर चढतो. मग आपण मेहनतीनं जोडलेला, गाठीची पेशी ओळखणारा रेणू त्या थराखाली झाकला जाऊ शकतो. यकृत आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी असे कण भराभर गिळतात. दहा वर्षांच्या प्रयोगांचा आढावा २०१६ मध्ये आला, त्यात टोचलेल्या मात्रेपैकी गाठीपर्यंत पोचलेल्या भागाचा मध्यक जेमतेम ०.७ टक्के होता. (हे प्राण्यांवरचे प्रयोग, माणसांवरचे नव्हेत.)

तरी उपयोग नक्की आहे. डॉक्सोरुबिसिन हे कॅन्सरवरचं औषध हृदयाला इजा करतं, लायपोसोममध्ये (स्निग्ध पदार्थाच्या नॅनो आकाराच्या पिशवीत) भरून दिलं की ती इजा कमी होते. अमेरिकेत या लायपोसोमवाल्या औषधाला १९९५ मध्येच मान्यता मिळाली. खारघरला आमच्या सोसायटीत अ‍ॅक्ट्रेकमध्ये (टाटा मेमोरियलच्या कॅन्सर केंद्रात) उपचारासाठी आलेली कुटुंबं भाड्यानं राहतात. ‘नॅनोचं औषध आहे म्हणे, मग त्रास होणार नाही ना?’ असं त्यांनी विचारलं की मी सांगतो, त्रास होऊ शकतो, तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटले तर लगेच डॉक्टरांना दाखवा.