मदत हवी आहे: राज्याने हमी दिलेल्या महामंडळ कर्जाचा किती भाग केंद्राने ठरवलेल्या राज्याच्या कर्जमर्यादेत धरतात?

राज्यघटनेच्या अनुच्छेद 293(3) नुसार केंद्राचे कर्ज फेडायचे बाकी असेपर्यंत राज्याला नव्या कर्जासाठी केंद्राची संमती लागते. भांडवली खर्चासाठीची 50 वर्षांची बिनव्याजी कर्जे हेही केंद्राचेच देणे, म्हणजे ही अट लवकर सुटत नाही. केंद्राच्या मार्च 2022 च्या पत्रानुसार ज्या महामंडळाच्या कर्जाचे मुद्दल किंवा व्याज राज्याच्या अर्थसंकल्पातून, वा राज्याचा कर-उपकर वळता करून फेडले जाते, ते कर्ज संमती देताना राज्याचेच धरले जाते.

अडचण अंशतः फेडीची आहे. समजा, महामंडळाने राज्याच्या हमीवर 1,000 कोटी उचलले. वर्षाचा हप्ता 120 कोटी. त्यातले 85 कोटी टोलमधून येतात, उरलेले 35 कोटी शासन सहायक अनुदान म्हणून देते. केंद्राच्या त्या पत्रात 'मुद्दल आणि/किंवा व्याज' एवढेच आहे, प्रमाणाचा उल्लेख नाही.

अनुच्छेद 293, महाराष्ट्राचा 2005 चा राजकोषीय उत्तरदायित्व कायदा आणि कॅगचे राज्य वित्त अहवाल वाचून झाले. हमीची थकबाकी सापडते, विभागणीचा नियम नाही. केंद्राने घातलेल्या कर्जमर्यादेविरुद्धचा केरळचा दावा सर्वोच्च न्यायालयाने 1 एप्रिल 2024 रोजी घटनापीठाकडे पाठवला, तो मला माहीत आहे. अनुच्छेदाच्या वैधतेवर चर्चा नको. हमी अजून वटवलेली नाही (बँकेने राज्याकडे वसुली मागितलेली नाही) आणि कर्ज बँकेचे आहे, रोख्यांचे नाही, असे धरा.

वित्त विभागात किंवा लेखापरीक्षणात काम केलेल्यांनी सांगावे: प्रत्यक्ष संमतीच्या हिशेबात राज्याच्या कर्जमर्यादेतून पूर्ण 1,000 कोटी वजा होतात, की अनुदानाच्या प्रमाणातच? आणि अनुदान 'व्यवहार्यता तफावत निधी' (स्वतःच्या उत्पन्नावर न परवडणाऱ्या प्रकल्पाला दिलेली मदत) या शीर्षाखाली दिले, तर फरक पडतो का?