लिसनिंगला ३० पैकी २७, तरी तासाला काही कळत नाही. चिनी मुलांचं इंग्रजी तपासायचं कसं?

गडहिंग्लजकर_फिजिक्स

नमस्कार मंडळी. मी चीनमध्ये सूझौला एका शाळेच्या द्विभाषिक शाखेत फिजिक्स शिकवतो. मूळचा गडहिंग्लजचा. आमच्याकडे दहावीला मुलं येतात ती पंधरा-सोळा वर्षांची, झोंगकाओ म्हणजे इथली नववीनंतरची परीक्षा उत्तम मार्कांनी पास झालेली. तोवर त्यांचं सगळं विज्ञान चिनीतून झालेलं असतं, इंग्रजी हा फक्त एक विषय. आमच्याकडे आल्या दिवसापासून फिजिक्स, केमिस्ट्री, गणित सगळं इंग्रजीतून, पुस्तकंही इंग्रजी.

प्रवेशाच्या वेळी शाळा गाओकाओच्या, म्हणजे इथल्या बारावीनंतरच्या विद्यापीठ-प्रवेश परीक्षेच्या, जुन्या पेपरातला लिसनिंग आणि रीडिंगचा भाग सोडवून घेते. बहुतेक मुलांना लिसनिंगला ३० पैकी २५-२७ पडतात, रीडिंगही चांगलं असतं. आणि मग वर्गात काय होतं ते सांगतो. मी फळ्यावर सर्किट काढलं आणि म्हटलं, 'अनलेस द स्विच इज क्लोज्ड, द लॅम्प विल नॉट लाइट.' दिवा पेटलेला असताना स्विच कसा असेल ते वहीत काढा. एका हुशार मुलाने स्विच उघडा ठेवून दिवा पेटता दाखवला. त्याच मुलाला माझ्या चिनी सहकाऱ्याने हाच प्रश्न चिनीतून विचारला, तर त्याने चित्र तर बरोबर काढलंच, वर दोन दिवे समांतर जोडले तर काय होईल तेही सांगितलं. म्हणजे फिजिक्स पक्कं आहे. मग अडतंय कुठे? 'अनलेस' कळला नाही, की माझा उच्चार कळला नाही, की वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात निसटली?

दुसरं असं, की ही मुलं वर्गात 'समजलं का' विचारलं की मान डोलावतात. सगळ्यांसमोर 'नाही समजलं' म्हणायला कुणी तयार नसतं. त्यामुळे चाचणी परीक्षेपर्यंत मला पत्ताच लागत नाही, आणि तोवर दोन महिने वाया गेलेले असतात. त्या दोन महिन्यांत आपण फिजिक्समध्ये कच्चे आहोत असं मुलाला स्वतःलाच वाटायला लागतं. याचा मला फार त्रास होतो. खरंच कच्चं असेल तर शिकवता येईल, पण हा भलताच समज आहे.

आता मुख्याध्यापकांनी आम्हा विज्ञानाच्या शिक्षकांनाच सांगितलंय की पुढच्या बॅचसाठी ऐकण्याची आणि वाचण्याची वेगळी चाचणी तुम्हीच तयार करा. भाषेच्या परीक्षांमधलं ज्यांना कळतं त्यांनी कृपया सांगावं, सुरुवात कुठून करू?

रेवा_पाषाण

सर, मी बीजिंगला भाषा-परीक्षणाचाच अभ्यास केला आणि सध्या पुण्यात प्रश्नपत्रिका काढायच्या कामात आहे. तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ते ३० मार्क कशाचे आहेत ते बघू. तुमच्या जिआंगसू प्रांतात २०२१ पासून गाओकाओचा जो राष्ट्रीय इंग्रजी पेपर आहे त्यात १५० पैकी लिसनिंग ३०, रीडिंग ५०. लिसनिंगचे वीस प्रश्न, प्रत्येकी दीड मार्क, तीन-तीन पर्याय. पहिले पाच छोटे संवाद एकदाच ऐकवतात आणि उत्तराला दहा सेकंद देतात. पुढचे पाच मोठे संवाद किंवा एकट्याचं बोलणं, ते दोनदा, आणि ऐकण्याआधी प्रत्येक प्रश्न वाचायला पाच सेकंद. त्या पेपरातलं नमुन्याचं उदाहरण चीनमधल्या कुठल्याही मुलाला झोपेतून उठवून विचारा, पाठ असतं: शर्ट केवढ्याला? १९.१५ पौंड, ९.१८ की ९.१५?

या रचनेत मुलं काय शिकतात? ऐकायच्या आधी पर्याय वाचायचे, त्यातले फरकाचे शब्द अधोरेखित करायचे, आणि कानावर त्यातलं काय पडतं याची वाट बघायची. शाळेत याचाच सराव तीन-तीन वर्षं चालतो. हे कौशल्य खोटं नाही, मेहनतीने कमावलेलं आहे. पण तुमच्या तासाला कागदावर तीन पर्याय छापलेले नसतात. पुढे काय येणार हे माहीत नसताना ऐकायचं, ते डोक्यात धरून ठेवायचं, जोडीला फळ्याकडे बघायचं, हे त्या ३० मार्कांत कुठेच तपासलेलं नाही. शिवाय पर्याय इंग्रजीतच छापलेले, म्हणजे लिसनिंगच्या मार्कांत रीडिंगही मिसळलेलं आहे.

हे तिथल्या लोकांना कळत नाही असं अजिबात नाही. ग्वांगडोंग प्रांतात गाओकाओला २०११ पासून संगणकावर ऐकणं-बोलणं तपासतात, त्यात गोष्ट ऐकून परत सांगायची असते. बीजिंगमध्ये २०२१ पासून १५० पैकी ५० मार्क संगणकावरच्या ऐकण्या-बोलण्याला आहेत आणि ती परीक्षा वर्षातून दोनदा देता येते. पण तिथे मूल इंग्रजीत बोलतं. कमी बोललं तर त्याला कळलं नाही की सांगता आलं नाही, हा तुमचाच प्रश्न पुन्हा उभा राहतो.

म्हणून माझा सल्ला: ऐकवा इंग्रजीत, उत्तर घ्या चिनीत. दीड-दोन मिनिटांचं सोपं विज्ञानाचं बोलणं ऐकवा, एकदाच. टिपणं काढू द्या, कुठल्याही भाषेत. मग सांगा, जे ऐकलं ते सगळं चिनीत लिही. आधीच त्या बोलण्याचे मुद्दे पाडून ठेवा (कोण, काय, कशामुळे, कोणत्या अटीवर) आणि लिहिलेल्यात कोणते मुद्दे आले ते मोजा. वाचनालाही हेच: उतारा वाचायला द्या, काढून घ्या, मग चिनीत लिहायला सांगा. 'अट' वाला मुद्दा वाचनात येतोय आणि ऐकण्यात गळतोय असं दिसलं, तर 'अनलेस' त्याला माहीत आहे, कानाने पकडता येत नाहीये. दोन्हीकडे गळत असेल तर तो शब्दच शिकवायला हवा.

दोन गोष्टी मुद्दाम वेगळ्या तपासा. एक, शब्दांचे शेवट. मँडरिनमधल्या अक्षराच्या शेवटी 'न' आणि 'ङ' सोडले तर व्यंजन जवळजवळ येतच नाही, त्यामुळे 'कूल' आणि 'कूल्ड', 'इन्क्रीज' आणि 'इन्क्रीज्ड' यांतला फरक वेगात बोललं की कानाला लागत नाही. लोखंड थंड केलं गेलं की लोखंडाने थंड केलं, हे फिजिक्समध्ये लहान नाही. दोन, मोठे आकडे. चिनीत दहा हजारांचा गट असतो. प्रकाशाचा वेग आपण सेकंदाला तीन लाख किलोमीटर म्हणतो, त्यांच्याकडे तो तीस 'वान', म्हणजे तीस दहा-हजार. 'थ्री हंड्रेड थाउजंड' ऐकून त्याचे तीस वान होईपर्यंत तुमचं पुढचं वाक्य गेलेलं असतं. आकड्यांचं श्रुतलेखन पाच मिनिटांत होतं, ते वेगळंच घ्या.

उच्चाराच्या शंकेचं उत्तर सोपं आहे. सारख्या अवघड दोन बोलण्यांपैकी एक रेकॉर्डिंग लावा, एक तुम्ही स्वतः वाचा, आणि अर्ध्या वर्गाला उलट क्रमाने द्या. गाओकाओची रेकॉर्डिंग स्टुडिओतली, स्वच्छ, सावकाश असतात. तुमचा आवाज त्यांना नवीन आहे म्हणून काही आठवडे जड जाईल. त्यात तुमच्या इंग्रजीचा काही दोष आहे असं मला वाटत नाही.

केच्याओचा_पाटील

मी शाळेतला माणूस नाही, झेज्यांगमध्ये कापडाच्या व्यापारात आहे, पण एक गोष्ट सांगतोच. मार्कांच्या बाबतीत इथले आईबाप किती हळवे आहेत ते मी २०१८ मध्ये पाहिलंय. आमच्या प्रांतात गाओकाओची इंग्रजीची परीक्षा वर्षातून दोनदा असते. त्या नोव्हेंबरचा पेपर अवघड गेला म्हणून रीडिंगच्या आणि भाषेच्या काही प्रश्नांना वरचं वजन देऊन मार्क लावले. कारण असं दिलं की मागच्या वेळच्या मुलांशी बरोबरी राहावी. पण ज्या मुलाने अवघड प्रश्न स्वतः सोडवले आणि ज्याला मार्क असेच वाढवून मिळाले ते दोघं शेजारी येऊन बसले. आमच्या गोदामातल्या हिशेबनीस बाईंची मुलगी त्या परीक्षेला होती, त्या आठवडाभर जेवल्या नाहीत नीट. शेवटी डिसेंबरमध्ये प्रांत सरकारने चौकशी करून तो निर्णयच रद्द केला आणि मूळ मार्क परत लावले.

तेव्हा सर, तुमच्या चाचणीला मार्क देऊच नका. घरी आकडा गेला की दुसऱ्या दिवशी त्याचा क्लास लागतो, आणि मूल तुम्हाला खरं सांगायचं बंद करतं. आईबापांना वीचॅटच्या ग्रुपवर टाकू नका, एकेकाला बोलवा आणि मुलाने लिहिलेला कागदच समोर ठेवा.

मंगल_मिरज

मी मिरजेला अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. चीन मी पाहिलेलं नाही, पण हा मुलगा मला चांगला माहीत आहे. मराठी माध्यमातून दहावीला नव्वद टक्के घेऊन आलेला मुलगा अकरावी सायन्सला इंग्रजी पुस्तक उघडतो तेव्हा हेच होतं. तो गप्प बसतो, आणि दिवाळीपर्यंत घरचे म्हणायला लागतात की याला सायन्स झेपत नाही. त्या गप्प बसण्याचं वाईट वाटतं म्हणून लिहितेय.

रेवाताईंनी उत्तर मुलांच्या भाषेत घ्या म्हटलं ते पटलं. मी आणखी एक करते, उत्तर चित्रात घेते. सात-आठ ओळींचा इंग्रजी उतारा देते: एक बॅटरी, तिला एक रोध, त्याच्यापुढे दोन रोध समांतर, व्होल्टमीटर दुसऱ्या रोधावर. शब्दात उत्तर नाही, फक्त सर्किट काढायचं. वाचून कळलं नसेल तर चित्रात लगेच दिसतं, नेमकं कुठल्या ओळीला चुकलं तेही कळतं. मग तशाच दुसऱ्या सर्किटचं वर्णन तोंडी सांगते, ते ऐकून काढायचं. दोन्ही कागद शेजारी ठेवले की कान आणि डोळा वेगवेगळा दिसतो.

एकच सांभाळा. चित्र असं निवडा की ते पाठ असण्याची शक्यता नको. पुस्तकातलं नेहमीचं सर्किट दिलंत तर मुलं उतारा न वाचताच काढतात.

गडहिंग्लजकर_फिजिक्स

सगळ्यांचे मनापासून आभार. पुढच्या बॅचची वाट न बघता चालू वर्गावर लगेच करून पाहिलं. माझे चिनी सहकारी तपासायला बसले, मी मुद्दे पाडून दिले होते.

जे दिसलं ते सांगतो. एक मुलगी आहे, प्रवेशाच्या लिसनिंगला वर्गात जवळजवळ शेवटची. तिने चिनीत पानभर लिहिलं. गरम हवा वर का जाते याचं सगळं कारण, घनता का कमी होते इथपर्यंत, क्रमाने. सहकारी वाचता वाचता थांबले आणि त्यांनी तो कागद मला मोठ्याने अर्थ लावून वाचून दाखवला. ती ऐकते सावकाश, पण सगळं धरून ठेवते. तीन पर्यायांच्या दहा सेकंदात ती अडकत असणार. आणि सुरुवातीला ज्या मुलाचं सांगितलं, त्याच्या वाचनात अट व्यवस्थित आली होती, ऐकण्यात संपूर्ण गायब. म्हणजे शब्द येतो. आता मी अटीचं वाक्य बोललो की तेवढं फळ्यावर लिहितो. एवढंसं आहे, पण तो परवा हात वर करून बोलला.

मंगलताई, तुमचं सर्किट पुढच्या आठवड्यात घेतोय. पाटीलसाहेब, मार्क दिलेले नाहीत, मुख्याध्यापकांनाही तसंच सांगितलं. त्यांना कुठलंतरी मोजमाप हवंच आहे, ते काय देऊ हा प्रश्न आहे.

रेवाताई, अडचण एकच. चिनी उत्तरं मला वाचता येत नाहीत. एकाच माणसाने तपासलं तर ते किती भरवशाचं?

रेवा_पाषाण

एकट्याने नको. दोघांनी वेगवेगळे, एकमेकांचं न बघता, मुद्द्यांपुढे फक्त 'आहे', 'अर्धा', 'नाही' लिहायचं. जिथे दोघांचं पटणार नाही तिथे त्या मुद्द्यावर बोलायचं. बहुतेक वेळा मुद्दाच गोळाबेरीज लिहिलेला निघतो, तो दोन तुकड्यांत फोडा. पहिल्या पाच-सहा कागदांवर हे नीट केलं तर पुढचं भरभर होतं. आणि तपासणारा एक विज्ञानाचा, एक इंग्रजीचा असावा. विज्ञानाचा शिक्षक मुलाला काय म्हणायचं असेल ते स्वतःच भरून घेतो, ते इंग्रजीचा शिक्षक पकडतो.

मुख्याध्यापकांसाठी: २०१८ मध्ये चीनच्या शिक्षण मंत्रालयाने इंग्रजीच्या क्षमतेचं नऊ पायऱ्यांचं मानक काढलंय, त्यात ऐकणं आणि वाचणं यांची वर्णनं वेगवेगळी आहेत. बारावीच्या मुलाकडून साधारण चौथ्या पायरीची अपेक्षा धरतात. तुमचे मुद्दे त्या वर्णनांशी लावून प्रत्येक मुलाला दोन वाक्यं लिहा, एक ऐकण्याचं, एक वाचण्याचं. उदाहरणार्थ, 'ओळखीच्या विषयावरचं सावकाश स्पष्टीकरण एकदा ऐकून कारण सांगते, अट सांगत नाही.' त्यावरून तुमच्या केमिस्ट्रीच्या सहकाऱ्यांनाही उद्यापासून काय करायचं ते कळतं. २७ या आकड्यावरून ते कळत नाही.

गडहिंग्लजकर_फिजिक्स

हे जमेल. इंग्रजीच्या मॅडमना विचारलं, त्या शुक्रवारी बसायला तयार आहेत.

आता उतारे हवे आहेत. गाओकाओच्या सरावपुस्तकांतले शेवटचे उतारे बरेचदा विज्ञानाचे असतात, पण ते मुलांनी आधीच सोडवलेले असतात. कुणाकडे आठवी-नववीच्या पातळीचे उष्णता, वीज, ध्वनी यांवरचे इंग्रजी उतारे असतील, स्वतः लिहिलेले असले तर फारच उत्तम, तर कृपया निरोपात पाठवा. दीडशे-दोनशे शब्द पुरेत. आवाज मी आणि इथली एक आयरिश सहकारी मिळून रेकॉर्ड करू.