जुन्या मिललगतचा प्लॉट: घर बांधण्याआधी काय तपासायचं?

उमरेडरोडवाला:
नागपुरात बंद कापड मिलच्या आवाराला लागून लेआउट पडलं आहे. त्यातला १५०० चौरस फुटांचा रिसेल प्लॉट पाहिला. विकणाऱ्याकडे आरएल (प्लॉट नियमित केल्याचं पत्र) आणि रजिस्ट्रीची झेरॉक्स आहे. वर फूटभर मुरूम, खाली काळं भरण. तळमजला अधिक एक बांधायचं आहे. कागदात काय पाहू? आणि साधा पाया चालेल का?

खसरा_आठवतो:
आरएल म्हणजे मालकी नव्हे आणि बांधकाम परवानगीही नव्हे. २००१च्या गुंठेवारी कायद्याखाली प्लॉट नियमित झाला, एवढंच ते सांगतं. मूळ जमीन कोणाची, तिथून सुरू करा. आखीव पत्रिका (सिटी सर्व्हेचा मालकी उतारा) काढा, सिटी सर्व्हे नसेल तर सातबारा. नझूलचा पट्टा (शहरातल्या सरकारी जमिनीची लीज) निघाला तर मुदत, नूतनीकरण आणि हस्तांतराच्या अटी वाचल्याशिवाय बयाणा देऊ नका. भोगवटादार वर्ग २ (हस्तांतरावर सरकारी बंधन असलेली जमीन) असेल तरी तेच.

३० वर्षांचा सर्च (जुन्या दस्तांचा शोध) नुसत्या प्लॉट नंबरावर नको, मूळ खसऱ्यावरही (जमिनीच्या सर्व्हे नंबरावर) घ्या. जमीन मिलच्याच मालकीची होती आणि कंपनी अवसायनात गेली (कायद्याने गुंडाळली गेली) असेल, तर कामगारांची देणी कायद्याने तारणधारक बँकेच्या बरोबरीने येतात. म्हणून लिक्विडेटरच्या (कंपनी गुंडाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या) विक्रीला कोर्टाची मंजुरी आहे का, ते मालकीच्या साखळीत दिसलंच पाहिजे. नंतर भूमी अभिलेखची मोजणी. मिलची जुनी भिंत ही हद्द नव्हे!

(मुंबईत मिलच्या जमिनीचे तीन वाटे करण्याचा नियम आहे, तो इथे कोणी सांगितला तर ऐकून सोडून द्या. तो मुंबईपुरताच.)

मुरूम_आणि_माती:
भाऊ, काळं दिसलं म्हणजे काळी मातीच असं नाही. बॉयलर होते तिथे कोळशाची राख निघायची आणि ती भरणात जायची. ओली करून तळहातावर वळा: काळ्या मातीची ३ मिमी जाडीची दोरी वळते, राख भुरभुरते. राख भाराखाली दबते, माती फुगते-आकसते. इलाज वेगवेगळे.

समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत कडक मुरूम लागेपर्यंत खड्डे घ्या. दीड मीटरखाली आधाराशिवाय माणूस उतरवू नका. काळी माती निघाली तर फुगवट्याची चाचणी करा. ४२५ मायक्रॉन चाळणीतून गेलेली, भट्टीत सुकवलेली माती १०-१० ग्रॅम घ्यायची, एक पाण्यात, एक रॉकेलमध्ये, १०० मिलीच्या नळीत २४ तास. पाण्यात १७ मिली आणि रॉकेलमध्ये १० मिली भरली तर फुगवटा ७० टक्के. ५०च्या वर गेला की भिंतीखालचा साधा पट्टीचा पाया विसरा.

तिथे अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे तळाशी फुगा असलेले काँक्रीटचे खांब जमिनीत. खालचा फुगा दांड्याच्या अडीच पट व्यासाचा, ऋतूंनुसार ओली-कोरडी होणाऱ्या थराच्या खाली. पाइल जोडणाऱ्या बीमखाली निदान ८० मिमी पोकळी ठेवा. मिस्त्री ती हमखास मातीने बुजवतो, मग पावसाळ्यात माती बीमला वर रेटते आणि खिडकीच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा जातात. मुरूम चार-पाच फुटांवरच लागला तर पाइलची गरज नाही, पाया थेट मुरमावर न्या.

जुम्मा_तलाव:
एम्प्रेस मिल १८७७ला जुम्मा तलावाजवळ सुरू झाली. तुमची जागाही तशीच तलावालगत किंवा सखल असेल, तर शेजारच्या विहिरीत ऑगस्टमध्ये पाणी किती फुटांवर येतं ते विचारा. कोरड्या मे महिन्यातला खड्डा फसवतो. खोदताना दगडी जोतं किंवा विटांची नाली लागली तर पूर्ण उकरून काढा. अर्धा पाया जुन्या जोत्यावर आणि अर्धा भरणावर बसला की घर एका बाजूला खचतं.

उमरेडरोडवाला:
ठेकेदार म्हणतो, काळी माती काढू आणि रेती भरू.

मुरूम_आणि_माती:
नको. चहूकडे काळी माती राहिली तर रेतीत पावसाचं पाणी साचतं आणि तेच आजूबाजूच्या मातीला पाजतं. मुरूम भरा, १५० ते २०० मिमीचे थर, पाणी मारून, धुम्मस करून. घराभोवती किमान एक मीटर रुंदीचा, बाहेरच्या बाजूला उतार असलेला पक्का पट्टा करा आणि न्हाणीचं पाणी त्याच्या पलीकडे सोडा.